फेसाचे कूळ

मराठीने तेलांना नावे देताना त्यांच्या मुळाकडे बोट दाखवले. खोबऱ्याचे ते खोबरेल, एरंडाचे ते एरंडेल, आणि खुद्द ‘तेल’ हा शब्द तिळावरून आलेला. ही पद्धत चोख होती, कारण घाणा नवे काही घडवत नसे. तो पेंड आणि तेल वेगळे करी, एवढेच. खोबऱ्यात जे होते तेच बाहेर येई. त्यामुळे वस्तू कशाची हे कळले की ती थंडीत थिजेल का, डोक्याला लावायची की फोडणीला घालायची, हेही कळून जाई. मूळ आणि गुण यांच्यात न लिहिलेला करारच होता म्हणा ना. बॉडी वॉशच्या बाटलीवर हिरव्या अक्षरांत ‘वनस्पतिजन्य’ किंवा ‘प्लांट-बेस्ड’ असे छापलेले असते, तेव्हा हाच जुना करार चालू आहे असे घेणारा गृहीत धरतो. नारळापासून केलेले आहे ना, मग ते नारळाइतकेच सौम्य असणार. मला इथे मांडायचे आहे ते एवढेच की या बाटलीपुरता तो करार मोडलेला आहे. छापलेला शब्द बहुतेक वेळा खोटा नसतो. तो वस्तूचे कूळ सांगतो आणि आपण त्यात तिचा स्वभाव वाचतो. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. फेसाचे जरूर विचारावे, फक्त मिळालेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे ते ओळखावे.

बाटलीत सगळ्यात जास्त काय असते, तर पाणी. बहुतेक बॉडी वॉशमध्ये ते तीन चतुर्थांशांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भरते. मळ काढणारे खरे द्रव्य, ज्याला उद्योगात सर्फॅक्टंट म्हणतात, दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात. मग थोडे ग्लिसरीन, थोडे मीठ, सुगंध, पाण्यात जिवाणू आणि बुरशी वाढू नये म्हणून परिरक्षक, सामू जुळवायला सायट्रिक आम्ल, आणि सर्वांत शेवटी ज्यांची चित्रे बाटलीवर असतात त्या वनस्पतींचे अर्क. सर्फॅक्टंटचा रेणू दुटप्पी असतो. त्याची लांब शेपटी तेलात रमते आणि डोके पाण्यात. शेपट्या तेलकट मळात घुसतात, डोकी पाण्याकडे राहतात आणि मळ सुटून पाण्याबरोबर जातो. शेपटी किती लांब यावर पुष्कळ अवलंबून असते. बारा कार्बनांची शेपटी थंड पाण्यातही पटकन आणि भरघोस फेस देते, अठरा कार्बनांची फार रेंगाळते. बारा कार्बनांचे लॉरिक आम्ल मुबलक असलेली तेले निसर्गात थोडी आहेत. खोबरेलात ते जवळजवळ निम्मे असते, आणि तेलमाडाच्या बीतल्या मगजाच्या तेलातही जवळपास तेवढेच. तेलमाडाच्या फळाच्या गरातून निघणारे आपल्या ओळखीचे पामतेल वेगळे. त्यात ते नसल्यासारखेच. शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल यांची तेले या कामाला उपयोगी नाहीत. म्हणून बाटलीवर कोरफड काढलेली असो, गुलाब असो की कडुनिंब, फेसाचे कूळ शोधत निघालो की वाट बहुधा दोनच झाडांपाशी येऊन थांबते. त्यातही खोबरेल जगात वर्षाला साधारण ३० लाख टन निघते आणि पाम मगजाचे तेल त्याच्या दुपटीहून जास्त. यादीत ‘लॉरिल’ असे लिहिलेले असेल, तर ते यांपैकी कोणत्याही झाडाचे असू शकते. खनिज तेलाचेही असू शकते, कारण तोच रेणू तिथूनही बनतो. रेणू तोच असला तर तो कुठून आला हे ओळखण्याचे साधन त्वचेपाशी नाही.

यात एक गंमत आहे. वनस्पतिजन्य हे आज बॉडी वॉशचे वेगळेपण म्हणून विकले जाते, पण ज्या साबणाच्या वडीच्या जागी तो आला ती वनस्पतीची वडी आपल्याकडे फार पूर्वीपासून मिळते. युरोपात साबणासाठी जनावरांची चरबी सर्रास वापरली जात होती, त्या काळात, १९१८च्या सुमारास, मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी चरबी न घालता केवळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला आणि हीच गोष्ट जाहिरातीत ठळकपणे मांडली. तेव्हा त्या शब्दाला अर्थ होता. गोमांस आणि डुकराची चरबी वर्ज्य असणाऱ्या समाजांना साबण कशाचा आहे हे कळणे आवश्यक होते आणि शब्द नेमके तेच कळवत होता. शंभर वर्षांनंतर तोच शब्द बाटलीवर येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा प्रश्न बदललेला आहे. आता त्याला विटाळाची काळजी कमी आणि कातडी कोरडी पडण्याची जास्त. त्या बाबतीत बॉडी वॉशची बाजू खरोखर काही ठिकाणी भक्कम आहे, पण तिचे कारण वनस्पती नाही. साबणाचा सामू ९ ते १० च्या दरम्यान असतो, तर त्वचेच्या पृष्ठभागाचा साधारण ४.५ ते ५.५. साबणाचा सामू खाली आणता येत नाही. आणायला गेले तर साबण मोडून त्याचे पुन्हा मेदाम्ल होते. बॉडी वॉशमधली द्रव्ये आम्लधर्मी पाण्यातही टिकतात, म्हणून तो त्वचेच्या सामूजवळ ठेवता येतो. दुसरी गोष्ट पाण्याची. दख्खनच्या पठारावरच्या बोअरच्या जड पाण्यात साबणातले मेदाम्ल कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून चिकट साका धरते, बादलीच्या कडेला पांढरे वलय बसते, अंगावरही त्याचा थर राहतो. बॉडी वॉशमधल्या द्रव्यांचा असा साका होत नाही. दोन्ही फायदे खरे, आणि दोन्ही कारखान्यात रेणूचे डोके बदलल्यामुळे मिळालेले. तेवढ्यापुरता वडीचा साबणच घाण्याच्या अधिक जवळचा नातेवाईक ठरतो.

आता डोके बदलण्याच्या त्या प्रवासाकडे. खोबरेल किंवा मगजतेल फोडून त्यातले मेदाम्ल वेगळे करतात, उच्च दाबाखाली हायड्रोजन देऊन त्याचे मेदमद्य करतात. गोदरेजचाच गुजरातमधल्या भरूच जिल्ह्यात वालिया येथे मेदमद्याचा कारखाना आहे. पुढची पायरी तारापूर आणि तळोजा इथल्या औद्योगिक वसाहतींत होते, जिथे गॅलक्सी सर्फॅक्टंट्स ही १९८० मध्ये स्थापन झालेली नवी मुंबईची कंपनी ही द्रव्ये बनवून मोठमोठ्या उत्पादकांना पुरवते. मेदमद्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची क्रिया करून ते सोड्याने उदासीन केले की सोडियम लॉरिल सल्फेट तयार होते. सल्फेटच्या आधी मध्ये इथिलिन ऑक्साइडची दोन-तीन एकके जोडली तर होते सोडियम लॉरेथ सल्फेट. नावात एका-दोन अक्षरांचा फरक, स्वभावात पुष्कळ. इथिलिन ऑक्साइड जगात बहुतांशी खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्यापासून येते. उत्तराखंडातल्या काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स मात्र ते उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून बनवते, म्हणजे साखर कारखान्याच्या धुराड्याशीही या फेसाचे नाते लागू शकते. तिसरे नेहमीचे द्रव्य कोकामिडोप्रोपिल बिटेन. नावात ‘कोका’ आहे आणि शेपटी नारळाचीच असते, पण डोके घडवायला खनिज तेलाकडून आलेले एक अमाइन आणि मोनोक्लोरोॲसिटिक आम्ल लागते. चौथे डेसिल ग्लुकोसाइड: मेदमद्याला मक्याच्या स्टार्चमधली साखर जोडलेली. या जातीचे रेणू एमिल फिशर यांनी १८९३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले होते, ते मोठ्या प्रमाणावर कारखान्यात यायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

या चौघांची कुळी मोजता येते. जिवंत झाडात कार्बन-१४ असतो. जमिनीखाली लाखो वर्षे पडलेल्या तेलात तो उरलेला नसतो, कारण ५,७३० वर्षांत तो निम्मा होत जातो. त्यामुळे बाटलीतला किती कार्बन झाडाचा आणि किती खाणीचा हे प्रयोगशाळा सांगू शकते, आणि त्यासाठी २००४ पासून अमेरिकेत एएसटीएम या मानकसंस्थेचे ठरलेले मानकही आहे. मोजमाप कागदावरही करता येते. नारळाच्या सोडियम लॉरिल सल्फेटमध्ये बारा कार्बन आणि बाराही झाडाचे: शंभर टक्के. इथिलिन ऑक्साइड खनिज तेलाचे आणि सरासरी दोन एकके धरली तर लॉरेथ सल्फेटमध्ये सोळांपैकी बारा: ७५ टक्के. बिटेनमध्ये एकोणिसांपैकी बारा, म्हणजे ६३ टक्के. डेसिल ग्लुकोसाइडमध्ये पुन्हा सोळांपैकी सोळा. या क्रमाशेजारी आता त्वचेचा क्रम ठेवावा. त्वचारोगतज्ज्ञांना संशोधनात त्वचेला मुद्दाम दाह घडवायचा असतो तेव्हा ते एक ठरावीक द्रव्य वापरतात, आणि ते द्रव्य आहे सोडियम लॉरिल सल्फेट. त्याचे डोके लहान, रेणू सुटेपणी त्वचेच्या वरच्या थरात सहज शिरणारा. तिथली प्रथिने तो उलगडतो आणि मेद उचलून नेतो. इथिलिन ऑक्साइडची दोन एकके मध्ये आली की डोके फुगते, रेणू गटागटाने राहतात आणि दाह कमी होतो. बिटेन मिसळले की आणखी कमी. म्हणजे चौघांतला सर्वांत तिखट रेणू पूर्णपणे नारळाचा असू शकतो, आणि त्याचा तिखटपणा घालवायला खनिज तेलाची मदत घेतलेली असते. ग्लुकोसाइड हा शंभर टक्के झाडाचा असूनही सौम्य, म्हणून कोणी म्हणेल की बघा, वनस्पतिजन्य चांगलेच. पण एकाच गुणपत्रिकेत शंभर मिळवणारे दोघे, एक सर्वांत तिखट आणि एक सर्वांत मवाळ, असे असेल तर ती परीक्षा सौम्यतेची नव्हती हे उघड आहे.

अ‍ॅलर्जीची कहाणी याहून गुंतागुंतीची. अमेरिकेतली संपर्कजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एका द्रव्याला ‘वर्षातील अ‍ॅलर्जिकारक’ म्हणून पुढे आणते, डॉक्टरांचे लक्ष जावे म्हणून. २००४ मध्ये तो मान बिटेनला मिळाला. दोष मुख्यतः बनवताना त्यात राहून गेलेल्या अमाइनांचा होता. २०१३ मध्ये मिथिलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाला. आणि २०१७ मध्ये अल्किल ग्लुकोसाइडांना, म्हणजे वर ज्याला आपण मवाळ म्हटले त्याच घराण्याला. घाबरण्यासारखे यात फार नाही. अशी अ‍ॅलर्जी थोड्याच माणसांना होते आणि अंगावर काही सेकंद राहून धुतल्या जाणाऱ्या वस्तूत धोका आणखी कमी असतो. तरीही ज्याला होते त्याच्या दृष्टीने ग्लुकोसाइड झाडाचा होता ही माहिती निरुपयोगी ठरते. सुगंधाचेही तेच. लॅव्हेंडर आणि लिंबूवर्गीय तेलांतले लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावले की अ‍ॅलर्जिकारक होतात, आणि ती तेले अस्सल असतील तरी होतात. युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या वस्तूत अशा द्रव्यांचे प्रमाण ०.०१ टक्क्याच्या वर गेले तर नाव छापायला लावले आहे. २०२३ मध्ये ही यादी २६ नावांवरून ८० च्या वर नेली गेली. दुसऱ्या बाजूला खनिज तेलाच्या बाजूचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. इथिलिन ऑक्साइड जोडताना १,४-डायऑक्सेन नावाचे अनिष्ट जोडद्रव्य थोडे तयार होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२३ च्या अखेरीपासून अशा धुण्याच्या वस्तूंत त्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी खाली आणली. लॉरेथ टाळायचे ठोस कारण कोणाला हवे असेल तर ते हे आहे. मात्र तेही ‘झाडाचे की तेलाचे’ या प्रश्नाचे उत्तर नव्हे. मळीपासूनच्या इथिलिन ऑक्साइडनेही डायऑक्सेन तितकेच होते. निर्वातात वाफ करून ते किती काढून टाकले, यावर सगळे ठरते.

यावर एक आक्षेप लगेच येईल: सर्फॅक्टंट राहू द्या, बाटलीत हळद, कडुनिंब, चंदन यांचे अर्क तर असतात, ते अंगाला लागतातच की. किती लागतात हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. भारतात कॉस्मेटिक्स नियम, २०२० लागू आहेत. त्यांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मागाहून, हव्या त्या क्रमाने. परिरक्षकांपैकी फिनॉक्सीइथेनॉल एक टक्क्याहून जास्त घालायला परवानगी नाही. तेव्हा यादीत ते शोधावे. त्याच्यानंतर जे जे लिहिलेले आहे ते एक टक्का किंवा त्याहून कमीच असणार, नियमच तसा आहे. हळद आणि चंदन बहुतेक वेळा तिथेच, सुगंध आणि रंग यांच्या शेजारी सापडतात, आणि एक टक्का अर्क म्हणजे एक टक्का वनस्पती असेही नाही. अर्क पुष्कळदा पाणी किंवा ग्लिसरीनमध्ये विरघळवलेला असतो. दाटपणाही वनस्पतीची खूण नाही. लोक बाटली हलवून तो पाहतात आणि त्यावरून वस्तूचा कस ठरवतात. लॉरेथ आणि बिटेनच्या मिश्रणात तो दाटपणा साध्या मिठाने आणला जातो. मिठामुळे रेणूंचे गोळे लांबून दोऱ्यांसारखे होतात आणि एकमेकांत अडकतात. मग बाटलीवर नैसर्गिकतेच्या टक्क्यांचे जे मोठे आकडे छापलेले असतात ते कुठून येतात? २०१६ आणि २०१७ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १६१२८ या मानकात नैसर्गिक मूळ मोजताना पाणी धरता येते, आणि ज्या रेणूचा निम्म्याहून अधिक भाग नैसर्गिक मुळाचा तो ‘नैसर्गिकापासून साधित’ गणला जातो. पाचांत चार भाग पाणी असलेल्या बाटलीला मग नव्वदीचा आकडा गाठायला फार धावावे लागत नाही. हे मानक जाहिरातीतल्या दाव्यांसाठी नाही असे त्यातच म्हटले आहे, पण बाटलीच्या दर्शनी भागावर तेवढे वाक्य मावत नसावे. कार्बन-१४ ची चाचणी निदान पाण्याला भुलत नाही. पाण्यात कार्बनच नसतो.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे आणि दिवाळी आली की तो टाळता येत नाही. उटणे, शिकेकाई, रिठा हे अस्सल वनस्पतिजन्य. त्यांच्या बाबतीत तरी मूळ आणि गुण एकच ना? करार इथे बराचसा टिकून आहे हे खरे, कारण इथे कुटण्या-दळण्यापलीकडे काही झालेले नसते. अभ्यंगाची रीत तर्कशुद्धही आहे. आधी तेल चोळायचे, त्यात अंगावरचा तेलात विरघळणारा मळ उतरतो, मग पीठ, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला-कचोरा यांचे उटणे ते तेल शोषून घेते आणि चोळताना मळासकट निघून येते. यात फेस नाही आणि असायचे कारणही नाही. रिठ्यात मात्र खरा सर्फॅक्टंट आहे. त्याच्या सालीतल्या सॅपोनिनच्या रेणूला तेलात रमणारे अंग आणि साखरेचे डोके असते. डेसिल ग्लुकोसाइडची कल्पना रसायनशास्त्रज्ञांच्या फार आधी झाडाला सुचलेली होती म्हणायला हरकत नाही. पण झाडाने तो रेणू आपल्या न्हाणीघरासाठी घडवलेला नाही, कीड आणि बुरशीपासून बचावासाठी घडवला आहे. म्हणून रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की आग होते, सॅपोनिन तांबड्या रक्तपेशी फोडते, आणि माशांना ते विषारी असते. सॅपोनिन असलेली गेळ्याची फळे कुटून पाण्यात टाकायची आणि गुंगलेले मासे पकडायचे ही रीत जुनीच आहे. उटण्याच्या काही मिश्रणांत बावची असते; तिच्यातल्या सोरॅलेनमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, आणि कोडावर बावची वापरतात ती याच गुणासाठी. वैद्यांना हे ठाऊक होते. वनस्पती म्हणून निरुपद्रवी ही समजूत परंपरेची नाही, वेष्टनाची आहे. परंपरेत प्रत्येक मुळीचा गुणदोष, मात्रा आणि ऋतू स्वतंत्रपणे पाहिला जाई.

अंगावरून उतरलेला फेस मोरीतून पुढे जातो, तिथला प्रश्न अधिक मोठा. झाडाचे ते पाण्यात विरघळून मातीत मिळते, तेलाचे तसेच राहते, अशी एक समजूत असते. हिचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवलेले आहे. १९५० च्या दशकात कपडे धुण्याच्या पावडरींत खनिज तेलापासून केलेला एक फांद्याफांद्यांचा रेणू वापरात आला. जिवाणूंना त्या फांद्या तोडता येईनात, आणि जर्मनी, ब्रिटन, अमेरिका इथल्या नद्यांवर आणि सांडपाणी केंद्रांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या उद्योगाने १९६५ मध्ये स्वतःहून बदल केला. बदलून आणले काय, तर खनिज तेलाचाच दुसरा रेणू, पण सरळ शेपटीचा. जिवाणूंनी तो खाल्ला. कूळ तेच राहिले, आकार बदलला आणि नद्या मोकळ्या झाल्या. आज बाटलीतले बहुतेक सर्फॅक्टंट, लॉरिल आणि लॉरेथसुद्धा, ठरलेल्या चाचणीत २८ दिवसांत सहज विघटन होणाऱ्यांत मोडतात. हे विघटन घडायला मात्र जिवाणू, हवा आणि वेळ मिळायला हवा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यापैकी २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो तो एकट्या न्हाणीघरांचा नाही, वरच्या अंगाच्या कारखान्यांचाही आहे. पण वनस्पतिजन्य बाटली घेऊन तो कमी होणार नाही एवढे निश्चित. रिठ्याचा फेस प्रक्रियेविना नदीत गेला तर माशांना तो अधिक मानवेल असेही नाही.

मग मूळ कुठेच महत्त्वाचे नाही का? दोन ठिकाणी आहे, आणि तिथे ते मान्यच करायला हवे. पहिले ठिकाण आहाराचार आणि श्रद्धेचे. ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, बाटलीला मोत्यासारखी झाक देणारे डायस्टिअरेट, ही सगळी चरबीपासूनही येऊ शकतात, आणि जैन किंवा शाकाहारी माणसाचे रेणू तोच आहे हे सांगून समाधान होणार नाही, होऊही नये. त्याने विचारलेला प्रश्नच मुळाचा आहे. दुसरे ठिकाण हवामानाचे. बॉडी वॉश मोरीत गेल्यावर जिवाणू तो खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. नारळाचा कार्बन थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला असतो, तो परत गेला. खनिज तेलाचा कार्बन हवेत नव्याने भर घालतो. हा फरक खरा आहे, पण त्याला जमिनीची अट लागते. जगातले सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते; तिथे दलदलीची जमीन निचरा करून तेलमाड लावला की शतकांचा साठलेला कार्बन मोकळा होतो आणि हिशेब उलटतो. म्हणून पाम नको, नारळ घ्या असे म्हणावे, तर तेलमाड हेक्टरी तीन-चार टन तेल देतो आणि नारळ एक टनही नाही. निसर्गसंवर्धनाच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ च्या अहवालात दाखवले की पामच्या जागी इतर तेलबिया आणल्या तर नऊपटीपर्यंत जास्त जमीन लागू शकते. शिवाय मगजाचे तेल हे पामतेलाचे जोडउत्पादन. मुख्य मागणी खाद्यतेलाची, आणि ते जगात सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला आहे. फेसाला नावे ठेवण्यापूर्वी फरसाणाकडे पाहिलेले बरे. याच वहीत वडीही लिहावी लागेल. झुरिकच्या ईटीएच संस्थेतून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हात धुण्याची तुलना केली होती. द्रव साबण दर खेपेला जास्त वापरला जातो, कच्चा माल आणि बाटली मिळून त्याला वडीपेक्षा कित्येक पट ऊर्जा लागते, आणि या सगळ्यावर मात करते ते गरम पाणी. कोणत्या झाडाचा फेस यापेक्षा बंब किती तापवला हे हवामानाला जास्त जाणवते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाविषयीच्या फसव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘हरित’ अशा ढोबळ शब्दांना पुरावा आणि स्पष्टीकरण जोडणे त्यांनी आवश्यक केले आहे. ‘वनस्पतिजन्य’ला पुरावा देणे बहुतेक उत्पादकांना अवघड जाणार नाही, कारण कूळ सिद्ध करता येते. अडचण पुढे येते आहे ती वेगळीच. तेलशुद्धीकरणाच्या अवाढव्य यंत्रणेत थोडे वनस्पतिजन्य तेल खनिज तेलाबरोबर ओतायचे, दोन्ही एकजीव होऊ द्यायचे, आणि जेवढे ओतले तेवढ्या मालावर हिशेबाने ‘वनस्पतिजन्य’ अशी नोंद करायची, ही वस्तुमान ताळेबंदाची पद्धत रसायन उद्योगात रुळली आहे. टिकाऊ पामतेलाच्या २००४ मध्ये स्थापन झालेल्या आरएसपीओ या मंचाच्या प्रमाणपत्रांतही, प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकत्र मिसळून फक्त आकडे वेगळे ठेवणारा असा एक प्रकार आहे. हेतू वाईट नाही. स्वतंत्र टाक्या आणि नळ बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि एकूणात तेवढे खनिज तेल वाचते. फक्त अशा रसायनापासून बनलेल्या बाटलीवर कार्बन-१४ ची चाचणी केली, तर उत्तर जवळजवळ सगळे खनिज तेल असे येईल, सोबतचे प्रमाणपत्र वनस्पतीचे असेल, आणि दोन्ही कागद आपापल्या नियमांनुसार बरोबर असतील.